‘पारोसा’ म्हणजे मळका का?

सुदामानगरी: घरात पंधरा दिवस एका शब्दावरून धुसफूस चालली आहे, म्हणून इथे विचारते. धाकट्याला (वय ९) थंडीत अंगाला फार खाज सुटायची. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, कढत पाणी आणि रोज साबण बंद. एक दिवसाआड आंघोळ पुरे. सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे पोरगं पारोसं शाळेत जाणार?” मी म्हटलं, आई, तो काल तर नहाला, घाण कुठे आहे? त्यावर दुसरा बार उडाला: “नहाला काय! आंघोळ केली म्हणावं. न्हाणं वेगळं.” त्या पुण्याच्या, मी जन्मापासून इंदूरची. आम्ही सर्रास ‘मी नहाऊन येते’ म्हणतो. तर पारोसा म्हणजे नक्की काय, आणि न्हाणं नि आंघोळ यांत खरंच फरक आहे का?

कोशकिडा: सासूबाईंचं एक बरोबर, एक अर्धं बरोबर. जुन्या बायकांच्या बोलण्यात ‘आंघोळ’ रोजची, अंगावरून. ‘न्हाणं’ म्हणजे केसांसकट, तेल-शिकेकाई लावून, तासभर चालणारं प्रकरण. “आज माझं न्हाणं आहे” म्हटलं की त्या सकाळी तिला दुसरं काम सांगायचं नाही. पण तुमचं ‘नहाऊन’ ही निव्वळ हिंदीची उसनवारी नाही. संस्कृत स्नान, प्राकृत ण्हाण, त्यातून आपलं न्हाणं आणि हिंदीचं नहाना. एकाच आजीची दोन नातवंडं. मराठीत त्याचा अर्थ आकसला, हिंदीत तो सगळ्या आंघोळीला पुरला. इंदुरात तुम्ही त्याला पुन्हा ऐसपैस केलंत एवढंच.

तिरकस: गंमत बघा, लाक्षणिक अर्थाला न्हाणंच लागतं. चांदण्यात न्हाऊन निघतात, चांदण्यात आंघोळ कोणी करत नाही. आंघोळीच्या वाट्याला काय, तर “घामानं आंघोळ झाली” आणि “त्याच्या नावानं आंघोळ केली”. दुसरं तर मेल्यातच जमा! शेवटी एकदाचं घोडंसुद्धा गंगेत न्हालंच.

माळव्यातली माहेरवाशीण: आमच्या शेजारच्या भाभी मुलीचं लग्न लागल्यावर “गंगा नहा लिए” म्हणाल्या. तेच घोडं, फक्त घोडा वगळून.

कोशकिडा: आता पारोसा. मला तरी यात संस्कृत ‘पर्युषित’ दिसतो, म्हणजे रात्रभर राहिलेला, शिळा. वापरही तेच सांगतो. सकाळी पहिल्यांदा काढतात तो ‘पारोसा केर’. तो संध्याकाळच्या केरापेक्षा जास्त घाण असतो असं नाही, तो रात्रीचा असतो. म्हणजे पारोसा हा मळाचा शब्दच नाही, वेळेचा आहे. कालचा दिवस अंगावरून अजून उतरलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. चिखलात लोळून आलेला पोरगा मळका, पण सकाळी आंघोळ झाली असेल तर पारोसा नव्हे. आणि रात्री दहाला फेस करकरून आंघोळ करून झोपलेला माणूस सकाळी स्वच्छ, तरी पारोसा.

सुदामानगरी: अगदी! माझे दीर रात्री ऑफिसातून आल्यावर आंघोळ करतात आणि सकाळी तसेच देवाला हात लावायला जातात. त्यावर वेगळं महाभारत.

माळव्यातली माहेरवाशीण: हिंदीत ‘बासी मुँह’ म्हणतात ते हेच. तोंड न धुतलेलं, म्हणजे शिळं तोंड. बासी रोटी नि बासी मुँह, एकच विशेषण. शब्द वेगळा, डोकं तेच.

दवाखाना_सुटला_की: मी त्वचेचाच डॉक्टर आहे (तुमचा नव्हे, घाबरू नका). तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं थोडं फोड करून सांगतो, कारण भांडण तिथेच सुटेल. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, पीएच साधारण ५. आपल्या नेहमीच्या वडीच्या साबणाचा ९ ते १०. त्यात कढत पाणी. त्वचेचं स्वतःचं तेल धुऊन जातं, थंडीत ती तडकते, खाज सुटते, मूल खाजवतं, आणि आई ‘मळ असेल’ म्हणून आणखी चोळते. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. काखेत आणि जांघेत वेगळ्या ग्रंथी असतात, त्यांच्या स्रावावर जिवाणू काम करतात तेव्हा वास येतो. त्या ग्रंथी वयात येताना जाग्या होतात, म्हणून ९ वर्षांच्या मुलाला घाम आला तरी बापासारखा वास येत नाही. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना ६ ते ११ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून किमान एकदोनदा आंघोळ पुरते म्हणते. चिखल, घाम, पोहणं झालं तर त्या दिवशी हवीच. अर्थात माळव्यातल्या मे महिन्यात हे मी कोणाला सांगणार नाही.

पण नीट बघा, आमचा राग पाण्यावर नाही. साबणावर आणि कढतपणावर आहे. आणि पारोसेपणा जायला साबण लागतो असं सासूबाई तरी कुठे म्हणाल्या?

घंगाळ: हा मुद्दा लाखाचा. माझी आजी (रामबागेतला वाडा, तांब्याचा बंब, पितळी घंगाळ) रोज पहाटे आंघोळ करायची, पण साबणाची वडी तिला महिनोन्‌महिने पुरायची. ती वडी मुख्यतः हातांना. अंगाला कधी डाळीचं पीठ, टाचांना वजरी, आणि बाकी नुसतं पाणी. ‘रोज आंघोळ’ या दोन शब्दांत ‘रोज साबण’ हा तिसरा कधी घुसला ते आमच्या लक्षातच आलं नाही. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उटणं लावतो, आणि शेजारी त्याच दिवशी रूप चौदस म्हणून उबटन लावतात, तेवढाच अवशेष उरलाय.

तिरकस: आणि पाणी? १९७८ साली नर्मदेचं पाणी इंदुरात आलं, त्याआधीची माणसं तांब्या मोजून आंघोळ करायची असं वडील सांगतात. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर उपसून, चढवून आणलेलं पाणी आपण शॉवरखाली दहा मिनिटं सोडतो. नळ मात्र अजून एक दिवसाआड. म्हणजे डॉक्टर आणि नळ यांचं एकमत आहे!

कोशकिडा: विषय निघालाच आहे तर एक खटकणारी गोष्ट. हल्ली ‘सचैल स्नान’ म्हणजे ‘अगदी साग्रसंगीत आंघोळ’ असं लिहिलेलं वाचतो. चैल म्हणजे वस्त्र. सचैल म्हणजे अंगावरच्या कपड्यांसकट. स्मशानातून आल्यावर करतात ती. आपल्या लग्नाच्या सकाळी सचैल स्नान केल्याचं कोणी लिहू नये.

दुसरं, न नाहण्यालाही आपल्याकडे प्रतिष्ठित शब्द आहेत. पराशरस्मृतीत स्नानाचे पाच प्रकार आहेत: भस्माचं ते आग्नेय, पाण्याचं ते वारुण, मंत्राचं ते ब्राह्म, गाईंच्या खुरांची धूळ अंगावर आली ते वायव्य, आणि ऊन असताना पाऊस पडला तर ते दिव्य. पाचांपैकी तीन कोरडी! आजारी माणूस, दुष्काळ, प्रवास, सगळ्यांची सोय.

माळव्यातली माहेरवाशीण: आणि दिगंबर जैन मुनींच्या २८ मूलगुणांत ‘अस्नान’ हाच एक गुण. आमच्या गल्लीत मुनी महाराज येतात तेव्हा रोज दोनदा नहाणारी माणसं त्यांच्या पाया पडतात. कोणाच्या मनात ‘पारोसे’ हा शब्द येत नाही. शब्द माणूस बघून लागतो.

घंगाळ: तसाच ‘स्नान’ जागा बघून. क्षिप्रेवर स्नान, मोरीत आंघोळ. उलट केलं तर दोन्ही हास्यास्पद. २०१६ च्या सिंहस्थात उज्जैनला क्षिप्रास्नान केलं, तेव्हा पात्रात नर्मदेहून जलवाहिनीनं आणलेलंही पाणी होतं. म्हणजे घरी नर्मदेची आंघोळ आणि तिथे नर्मदेचंच स्नान. आता २०२८ ला ‘शाही’ म्हणायचं की प्रयागला २०२५ मध्ये म्हणाले तसं ‘अमृत’, तो वेगळा धागा काढा.

तिरकस: आमच्या होस्टेलात थंडीत ‘आंघोळीची गोळी’ घ्यायचे. नाश्त्याला विचारायचं, “गोळी घेतली का?” पराशरांनी सहावा प्रकार म्हणून मान्य केला असता.

सुदामानगरी: काल रात्री सासूबाईंना डॉक्टर आणि घंगाळ यांचे प्रतिसाद वाचून दाखवले. आजीच्या वजरीवर त्या विरघळल्या. ठरलं असं: रोज कोमट पाण्याचे चार तांबे, लगेच खोबरेल, साबण बुधवार-शनिवार, तोही काख-जांघ-पायांपुरता. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले चालेल. आणि या प्रकाराला सासूबाईंनीच नाव दिलं: ‘कोरी आंघोळ’. दुधाशिवाय कोरा चहा, तशी साबणाशिवाय कोरी आंघोळ.

कोशकिडा: झकास. नोंदवून ठेवतो.

तिरकस: नोंदवा, पण इंदूरच्या हिंदीत सांगू नका. ‘कोरी’ म्हटलंत तर पाण्याशिवायचीच समजतील, आणि पोरगं तेच धरून बसेल.