घरून काम : युनियनने दिवस मागावेत की कलम?

कलमकसाई
पब्लिक सर्व्हिस अलायन्स ऑफ कॅनडा या युनियनने एप्रिल २०२३मध्ये दीड लाखावर सरकारी कर्मचाऱ्यांचा संप पुकारला. पगाराइतकाच घरून कामाचा मुद्दा पेटला होता. १ मे रोजी मुख्य गटांचा समझोता झाला. चार वर्षांत १२.६ टक्के वाढ मिळाली, पण घरून कामाबद्दल हाती आलं ते कराराबाहेरचं एक पत्र. त्यात प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे तपासणं, लेखी उत्तर आणि फक्त सल्ला देणारी संयुक्त समिती एवढंच. ९ सप्टेंबर २०२४पासून सरकारने आठवड्याला किमान तीन दिवस कार्यालयात येणं सक्तीचं केलं. पत्र काय अडवणार?

म्हणून आपल्या युनियनने घरून कामाच्या दिवसांच्या आकड्यावर ताकद घालवू नये. नकार सकारण, लेखी आणि मुदतीत हवा. त्याविरुद्ध लवादाकडे जाता यायला हवं. आणि हे सगळं कराराच्या कलमात.

हजेरीपट
लवाद एकट्याचा अर्ज बघतो, पाळ्या मात्र सगळ्यांच्या लावायच्या असतात. समजा विभागात १२ जण, नागरिकांसाठी खिडक्या ४, पाळ्या २. म्हणजे ८ जण रोज हजर हवेत. उरलेल्या चौघांतले दोन रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेले की घरून काम करायला दोघंच उरतात. लवादाने पाच जणांना कायमचे तीन-तीन दिवस दिले तर भार उरलेल्या सात जणांवर पडणार आणि नागरिकांच्या शिव्या विभागप्रमुखाला. निर्णय प्रशासनाकडेच हवा.

कलमकसाई
तुमचं गणित बरोबर, निष्कर्ष नाही. लवादाने दिवस वाटायचेच नाहीत. नकाराचं कारण खरं आहे का एवढंच तपासायचं. गोम नकारासाठी पुढे केल्या जाणाऱ्या ‘कामकाजाची गरज’ या दोन शब्दांत आहे. व्याख्या नसली की त्यात काहीही बसतं. म्हणून पदनामावर जाऊ नका, पदातली कामं तासांत मोजा : खिडकी किती, मूळ कागद हाताळणं किती, बाहेर न नेता येणारी गोपनीय माहिती किती. आठवड्याच्या ४० तासांतले १६ असे निघाले, तर पाचही दिवस बोलावण्याचं कारण विभागाने दाखवावं. खिडकीच्या पाळ्या मात्र फिरत्या ठेवा, त्याच त्याच जणांच्या माथी नकोत.

वायरजोड
युरोपातल्या मालक आणि कामगार संघटनांच्या २००२च्या टेलिवर्क (कार्यालयाबाहेरून काम) करारात तीन गोष्टी स्वच्छ आहेत : घरून काम ऐच्छिक, दोन्ही बाजूंना परत फिरता येणारं, आणि साधनं सहसा मालकाची. खरी भांडणं मात्र बारीक गोष्टींवर होतात. व्हीपीएनचे (घरून कार्यालयाच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सुरक्षित जोडणीचे) परवाने ३०० आणि सोमवारी लॉगिन करणारे ४५०, तर उरलेल्या १५० जणांची रजा लागणार का? कलमात लिहा : बिघाड ३० मिनिटांत कळवला तर हजेरी धरली जाईल, दोन तासांत दुरुस्त झाला नाही तर कार्यालयात बोलावता येईल, प्रवासाचा वेळ कामात.

फिरतीवाला
चालक, परिचारिका, तुरुंगरक्षक, सफाई कामगार यांना यातलं काय मिळणार? मतदान त्यांचंही असतं. टेबलावरच्यांसाठी सगळ्यांनी संप करायचा, तर पाळीचं वेळापत्रक १४ दिवस आधी आणि आपसात पाळी बदलण्याचा हक्क त्याच मसुद्यात घाला. नाहीतर वाटाघाटीच्या तिसऱ्याच बैठकीत प्रशासन आपल्यात फूट पाडेल.

हजेरीपट
फूट पाडायला प्रशासन कशाला, तुम्ही समर्थ आहात. बरं, कामं तासांत मोजणं मान्य. अर्जावर १० कामाच्या दिवसांत लेखी उत्तर, तेही मान्य. पण १४ दिवस आधी वेळापत्रक कुठल्याही आपत्कालीन सेवेत टिकणार नाही. ७ दिवस, आणि ऐनवेळच्या बदलाला भत्ता. लवादावर मी अजून तिथेच आहे.