गिअरची गाडी शिकायचीय, क्लास इथं की गावाकडं?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबर ते डिसेंबर लातूरला आहे, ऑफिसचं काम तिथूनच. स्कूटी कॉलेजपासून चालवते, पण गिअरच्या गाडीला आजवर हात लावला नाही. आता शिकायचंच. हे म्हणतात, इथंच लेस्टरला सीबीटी (मोटारसायकलचं इंग्लंडातलं सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण) करून टाक, एका दिवसाचं काम. मनात एनफिल्डची क्लासिक 350 भरलीय. बाबांची जुनी स्प्लेंडर दारात असते, पण ती काय गाडी आहे का! कुणी अनुभव सांगेल?

– लातूरची लेक, सध्या लेस्टर

---

ताई,

स्प्लेंडरला नावं ठेवू नकोस, तीच तुझी पहिली गाडी.

सीबीटी मात्र जरूर कर. मी परत यायच्या आधी बर्मिंगहॅमला केली होती. आधी मोकळ्या आवारात आठचा आकडा, यू-टर्न, अचानक ब्रेक. मग निदान दोन तास रस्त्यावर, कानात मास्तरांचा आवाज. वळायच्या आधी मान फिरवून खांद्यावरून मागं बघायचं, त्याला तिकडं ‘लाइफसेव्हर’ म्हणतात. आपल्याकडं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे कार. मोटारसायकल चुलतभाऊ शिकवतो, तेही मागं बसून ओरडत.

पण तो कागद म्हणजे लायसन नव्हे. दोन वर्षं, एल लावून, 125 सीसीपर्यंत, तेही तिकडंच. तुझ्या इथल्या लायसनवर फक्त एमसीडब्ल्यूओजी (बिनगिअरची दुचाकी) असेल तर गिअरची गाडी त्यावर चालत नाही. उतरल्या उतरल्या सारथी पोर्टलवर लर्निंगचा अर्ज भर. पक्क्या लायसनची टेस्ट 30 दिवसांनंतरच देता येते. डिसेंबरवर ढकललंस तर विमान आधी येईल.

आता माझी फजिती. तिकडं शिकलेली गाडी पहिला गिअर खाली, बाकीचे वर अशी. इथं येऊन वडिलांची स्प्लेंडर काढली. तिचे चारही गिअर पंज्यानं खाली दाबायचे असतात, हे डोक्यातून पार गेलं. सिल्लोडच्या रस्त्याला तिसऱ्यावर होतो, चौथा टाकायचा म्हणून पाय सवयीनं वर उचलला. पडला दुसरा! क्लच सोडताच इंजिन किंचाळलं, मागचं चाक घसपटलं, आणि मी टपरीवाल्याच्या बाकड्यापाशी जाऊन थांबलो. त्यानं न विचारता चहा दिला. तेव्हा पहिले आठ दिवस स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून नुसती पायाची सवय कर. उद्या क्लासिक घेतलीस तर तिचा क्रम पुन्हा तिकडच्यासारखा, हेही ध्यानात असू दे.

वजनाचं म्हणशील तर स्प्लेंडर 112 किलोच्या आसपास, क्लासिक 195. चालताना फरक कळत नाही, तो कळतो पेट्रोल पंपावर वळवताना.

जुन्या गाडीचे टायर बघून घे. कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालेलं असतं.

आणि ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनचे दिवस. अर्ध्या रस्त्यावर दाणे वाळत घातलेले, कडेनं दगडांची रांग. दाण्यावर ब्रेक दाबलास की गेलीस. रात्री रास उचलतात, दगड तिथंच राहतात राव. महिनाभर तरी अंधार पडल्यावर गाडी काढू नकोस.

– वाळूजचा दादा, छत्रपती संभाजीनगर

---

दादांशी सहमत, एक भर. इथं न्यू जर्सीत मी एमएसएफचा (मोटारसायकल सुरक्षा संस्थेचा) शिकाऊ कोर्स केला तेव्हा गाडी त्यांचीच होती. दोनदा आडवी केली, खिशाला झळ नाही. तेव्हा ताई, घ्यायची गाडी शिकून झाल्यावरच ठरव. आणि आडवी पडलेली उचलताना तिच्याकडं पाठ करून सीटला टेकव, जोर पायांचा लाव. कंबर धरली की मग आमच्या नांदेडच्या काकूंचा लेपच.

– नांदेडकर

---

दादा, नांदेडकर, आभार. सीबीटीची तारीख घेतली. बाबांना फोन केला तर आवाजच बदलला त्यांचा! क्लच वायर, ब्रेकशू आणि दोन्ही टायर उद्याच टाकतो म्हणाले. आरसे आहेत का विचारलं. आहेत म्हणाले, माळ्यावर, गाडी घेतली तेव्हाच्या पिशवीत.

– लातूरची लेक