अ‍ॅलोप्युरिनॉल आणि सुरुवातीला वाढणारे दुखणे
अ‍ॅलोप्युरिनॉल हे गाउट या सांध्यांच्या आजारात रक्तातील युरिक अ‍ॅसिड उतरवण्यासाठी नियमित घ्यायचे औषध आहे. ‘गोळी सुरू केल्यापासून अंगठ्याचे दुखणे उलट वाढले, म्हणजे अ‍ॅलोप्युरिनॉल मानवत नाही’ असे काही रुग्ण सांगतात; हा अनुभव खरा असला तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. रक्तातील युरिक अ‍ॅसिड उतरू लागले की सांध्यांत साचलेले स्फटिक सुटे होतात आणि पहिल्या काही महिन्यांत गाउटचे झटके येऊ शकतात. म्हणूनच सुरुवात सहसा रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने करून, तपासणीनुसार ती हळूहळू वाढवतात आणि सोबत काही महिने कोल्चिसिनसारखे झटके रोखणारे औषध अल्प मात्रेत देतात. केवळ झटका आला म्हणून नियमित गोळी स्वतःहून थांबवू नये.

गोळी ताबडतोब थांबवण्याचे खरे कारण वेगळे आहे: अंगावर पुरळ. विशेषतः त्यासोबत ताप, तोंडात फोड किंवा चेहऱ्यावर सूज असेल, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ही प्रतिक्रिया विरळा, पण प्रसंगी जिवावर बेतणारी असते, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत उद्भवते, आणि मूत्रपिंडे कमजोर असणाऱ्यांना किंवा एचएलए-बी*५८:०१ हे जनुकरूप असणाऱ्यांना तिचा धोका अधिक असतो. अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू असल्यास तेही आधीच सांगावे (त्वचेचे, सांध्यांचे डॉक्टर वेगवेगळे असले की नेमके हेच राहून जाते), कारण अ‍ॅलोप्युरिनॉलमुळे त्याचे शरीरातील विघटन मंदावते आणि रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवर गंभीर परिणाम होऊ शकतो.