नाल्याच्या भिंतीवर काय काढावं? मासा काढून झाला, काही फरक नाही

गोदाकाठचा_मास्तर:
नमस्कार मंडळी. मी नांदेडला शाळेत चित्रकला शिकवतो. आमच्या गल्लीच्या मंडळाला नाल्याकडची ६० फुटी भिंत मिळालीय, नदीच्या प्रदूषणावर काहीतरी काढा म्हणायलेत, वर्गणीतून १८ हजार जमलेत. खरं सांगू का, मागच्या साली मीच पोरांना घेऊन रडणारा मासा, नळाची तोटी अन 'पाणी हेच जीवन' काढलं होतं. महिन्याभरात माशाच्या तोंडावर गुटख्याची पिचकारी अन खाली निर्माल्याच्या पिशव्या. लोकांनी भिंतीसमोर सेल्फी काढले अन तिथंच कचरा टाकून गेले. आता असं काय काढावं की जाणारा माणूस दोन मिनिटं थांबेल?

खामकाठी:
सर राग नका मानू, पण आधी सांगा ब्रश कुठं धुतले होते? आमच्याकडं संभाजीनगरात पोरांनी नदीवर भिंत रंगवली अन टर्पेंटाइनचा डबा सरळ खाम नदीत ओतला, मी डोळ्यानं पाहिलंय. ऑइल पेंट नकोच, चुना, गेरू, काजळी अन डिंक, पावसात गेलं तर गेलं, पुढच्या साली परत काढा.
अन भिंतीचा नाद सोडा, रस्त्यावरची चेंबरची झाकणं बघा. बाहेरच्या देशात पावसाच्या गटारीच्या तोंडाशी मासा काढून 'इथून पाणी नदीत जातं' असं लिहितात. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी पावसाचं, मोरीचं, गॅरेजच्या ऑइलचं सगळं एकाच नाल्यात, म्हणजे आपल्याला तर जास्तच लागू. गल्लीपासून घाटापर्यंत बाण काढा, दर झाकणावर 'गोदावरी इतकी पावलं', पोरांकडून मोजून घ्या.

लॅबवाली_ताई:
बाण आवडला. पण लोकांचं कसंय, पाणी निवळ दिसलं की चांगलं वाटतं, अन खरी घाण तर डोळ्याला दिसतच नाही. हान्स हाके नावाच्या कलाकारानं १९७२ ला जर्मनीत क्रेफेल्डच्या म्युझियममध्ये ऱ्हाईनचं घाण पाणी आणून तिथंच सगळ्यांसमोर गाळलं, त्या पाण्यात गोल्डफिश सोडले अन उरलेलं बागेला दिलं. चित्र काढलंच नाही, पाणीच मांडलं.
तुम्ही एच टू एस बाटल्या मांडा. आमच्याकडं गावात पाणी तपासायला वापरतात, स्वस्त असतात. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी ठेवायचं, मैल्याचे जंतू असतील तर २४ ते ४८ तासांत पाणी काळंकुट्ट होतं. एक बाटली विष्णुपुरी धरणाकडची, एक नाल्याच्या वरची, एक नाल्याच्या तोंडाची, एक खालच्या अंगाची अन एक मंडळातल्या पिण्याच्या जारची (हीच सगळ्यात जास्त बघतील बघा). नदीचं कच्चं पाणी वरच्या अंगालाही काळं पडू शकतं, म्हणून कोणती किती तासांत पडली ते खाली खडूनं लिहा. बाटल्या बंद पेटीत ठेवा, पोरांना उघडू देऊ नका, अन फेकायच्या आधी ब्लीचिंग टाका, नाहीतर परत नाल्यातच जाईल ते.

बाभळीकर:
मी धर्माबादकडचा. तुमचं नांदेडचं सगळं खाली आमच्याकडंच येतं हे कुणी भिंतीवर लिहितच नाही. बाभळी बंधाऱ्याची दारं १ जुलैला उघडतात अन ऑक्टोबरच्या शेवटी बंद करतात, म्हणजे पुढं उन्हाळाभर तुमचा नाला आमच्या बंधाऱ्यात मुक्कामाला. पुढं बासर, तिथं सरस्वतीच्या देवळात लोक लेकरांना अक्षरं गिरवायला नेतात अन त्याच गोदावरीत डुबकी मारतात. सर, बाण घाटापाशी संपवू नका. शेवटच्या बाणावर 'पुढं बाभळी' एवढं लिहा, बास.
अन ताई, बाटल्या बघायला गर्दी कुठून आणायची? मंडळाकडं भारूड करणारं कुणी असेल तर सोंग घ्या. नाथांचं पैठण आपल्याच गोदेवर, तिथपासून हीच रीत चालत आलीय, गंमतीत बोलायचं अन नेमकं लागायचं. नाल्याला सोंग द्या, तो घरोघर दारात येऊन म्हणेल, 'मला वळखलं का, तुमच्याच मोरीचा मी.' लोक हसतील, मग बाटलीपाशी जातील.

गोदाकाठचा_मास्तर:
खामकाठी, ब्रश कुठं धुतले ते विचारू नका हो, लाज वाटायली. भिंतीला नुसता चुना मारतो, मधोमध बाटल्यांची पेटी अन गेरूनं बाण. 'पुढं बाभळी' मीच लिहितो मोठ्या अक्षरात. नाल्याच्या सोंगाला आमचा शिपाई मामा तयार आहे, त्याला फक्त मिशा पाहिजेत म्हणे. ताई, बाटल्या नांदेडात कुठल्या दुकानात मिळतील तेवढं सांगा, अन पेटीची किल्ली कुणाकडं ठेवावी? मंडळात त्याच्यावरूनच भांडण लागलंय.