मदत हवी आहे : डेंटल असिस्टंटचे ग्राह्य प्रमाणपत्र दूरशिक्षणाने मिळू शकते का?

नमस्कार.

मी भांडुपला राहते आणि गेली ६ वर्षे मुलुंडमधील एका दातांच्या दवाखान्यात असिस्टंट म्हणून काम करते. माझे शिक्षण कला शाखेतून बारावीपर्यंत झाले आहे. दवाखाना सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९ असा दोन वेळा उघडतो. मधल्या वेळेत घरी येऊन मुलीचे जेवण आणि अभ्यास पाहायचा असतो, त्यामुळे दिवसभर चालणाऱ्या महाविद्यालयात प्रवेश घेणे मला आजच्या परिस्थितीत शक्य नाही. काम हाताला चांगले बसले आहे, पण तसे सांगणारा एकही ग्राह्य कागद माझ्याजवळ नाही. तो कागद दूरशिक्षणाने, निदान पुस्तकी भाग घरून पूर्ण करून, मिळवता येईल का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

कामाची कल्पना यावी म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पेशंट खुर्चीवर बसण्यापूर्वी ट्रे लावणे, डॉक्टर ड्रिल चालवत असताना सक्शनची नळी अशी धरणे की पाणीही ओढले जाईल आणि जीभही बाजूला राहील, रूट कॅनालच्या फाइल (दाताची मुळे आतून साफ करायची सुईसारखी बारीक हत्यारे) क्रमाने हातात देणे, काम संपल्यावर हत्यारे घासून, वाळवून, पाऊचमध्ये बंद करून ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला) लावणे, ही माझी रोजची कामे आहेत. कवळीसाठी माप घ्यायचे असले की अल्जिनेट, म्हणजे दातांचा ठसा घेण्याचे मिश्रण, मीच कालवते. रबराच्या वाडग्यात पावडर आणि पाणी घेऊन ते वाडग्याच्या कडेला पात्याने दाबून दाबून घोटावे लागते, आणि मिनिटभरात गुठळी न राहता लोण्यासारखे झाले नाही तर माप वाया जाते. मे महिन्यात नळाला कोमट पाणी येते तेव्हा ट्रे भरेपर्यंतच ते घट्ट होऊ लागते, म्हणून उन्हाळ्यात मी फ्रिजमध्ये पाण्याची एक बाटली या कामासाठी वेगळी ठेवते. पहिल्या वर्षी हे मला ठाऊक नव्हते. एका आजोबांचे माप तीनदा घ्यावे लागले, त्यांना उमासे आले, डोळ्यांतून पाणी आले, आणि नंतर डॉक्टरांनी मला कारण समजावून सांगितले. अशी कितीतरी कामे मी बरोबर करते, पण ती तशीच का करायची हे मला सांगता येत नाही. शिकण्याची ओढ आहे ती त्यासाठी. नोकरी आणि पगार हे कारण आहेच, पण ते दुसरे.

गेल्या वर्षी मी एक चूक केली आहे, तीही सांगते, म्हणजे इतर कोणी करणार नाही. एका खाजगी संस्थेच्या ६ महिन्यांच्या 'डिप्लोमा'साठी १८,००० रुपये भरले. घरी झेरॉक्स केलेली दोन पुस्तके आली, मोबाइलवर ४० प्रश्नांची परीक्षा झाली, आणि चकचकीत शिक्का असलेले प्रमाणपत्र कुरिअरने आले. त्या ६ महिन्यांत माझ्या हातात एकही हत्यार कोणी पाहिले नाही. ते प्रमाणपत्र घेऊन मी एका मोठ्या रुग्णालयात मुलाखतीला गेले, तेव्हा तिथल्या बाईंनी ते उलटसुलट पाहून अगदी शांतपणे विचारले, "या अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची?" मला उत्तर देता आले नाही. पुढे चौकशी केली तेव्हा कळले, की जाहिरातीत 'शासनमान्य' असे जे छापले होते, तो केवळ संस्थेच्या नोंदणीचा क्रमांक होता; अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी त्याचा काहीही संबंध नव्हता. ते पैसे मी मुलीच्या नावाने साठवलेल्या रकमेतून काढले होते, त्यामुळे आता पुन्हा कुठे पैसे भरताना हात थरथरतो.

नंतर मी परदेशी दूरशिक्षणाकडे वळले. 'सर्टिफाइड डेंटल असिस्टंट' हे प्रमाणपत्र मुळात अमेरिकेतील डेंटल असिस्टिंग नॅशनल बोर्ड ही संस्था देते, आणि त्यासाठी क्ष-किरण सुरक्षा, संसर्ग नियंत्रण आणि खुर्चीजवळचे काम या विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात, एवढे वाचून समजले. तिथला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम ज्यांनी केलेला नाही, त्यांना निदान ३,५०० तासांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो. आठवड्याला ४२ तास धरले तर माझे तास त्याच्या तिपटीहून अधिक भरतात, हे पाहून क्षणभर आनंद झाला. पण एका अभ्यासक्रमाचा मोफत धडा उघडला आणि पहिल्याच चित्रापाशी अडले. ते दात १ ते ३२ असे सलग मोजतात. आमच्याकडे पहिला आकडा जबड्याच्या चार भागांपैकी कोणता ते सांगतो आणि दुसरा त्या भागातला दात, म्हणून आमच्या केसपेपरवर १६ म्हणजे वरची उजवी पहिली मोठी दाढ. त्यांच्या चित्रात १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. खालच्या डाव्या पहिल्या मोठ्या दाढेला आम्ही ३६ म्हणतो, तिला ते १९ म्हणतात. ही सरमिसळ डोक्यात घेऊन मी उद्या चुकीच्या दाढेच्या एक्स-रेची तयारी केली तर, या भीतीने मी तो धडा मिटला.

म्हणून जाणकारांना विचारते. भारतात डेंटल असिस्टंटच्या प्रशिक्षणाला मान्यता नेमकी कोण देते? माझ्या ६ वर्षांच्या अनुभवाची तपासणी होऊन त्यावर प्रमाणपत्र मिळण्याची काही सोय आहे का? आणि तोपर्यंत घरी बसून मी काय वाचावे, कोणत्या क्रमाने वाचावे? इंग्रजी मला सावकाश वाचले तर समजते.

प्रतिसाद

ताई, मी दादरला २० वर्षे दंतवैद्यक व्यवसाय करतो आणि माझ्याकडच्या तिन्ही असिस्टंट अशाच काम करता करता शिकलेल्या आहेत, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

आधी कायद्याचे. दंतवैद्य अधिनियम, १९४८ ने दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट (दात साफ करणारे) आणि डेंटल मेकॅनिक (कवळ्या बनवणारे) यांच्या नोंदणीची तरतूद केली. असिस्टंटसाठी त्यात वेगळी नोंदवही ठेवली नाही. त्यामुळे तुम्ही ६ वर्षे जे काम केलेत ते करण्यात काही गैर नव्हते, पण त्याच कारणामुळे या क्षेत्रात कोणीही उठून कसलाही कागद विकू शकतो. 'डेंटल ऑपरेटिंग रूम असिस्टंट' हा अभ्यासक्रम भारतीय दंत परिषदेने, म्हणजे दंतशिक्षणाचे नियम करणाऱ्या संस्थेने, आखलेला आहे, मात्र तो दंत महाविद्यालयात हजर राहूनच करावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या विनियमांप्रमाणे दंतवैद्यकाची पदवीही दूरशिक्षणाने देता येत नाही. तेव्हा 'घरबसल्या डेंटलचा डिप्लोमा' अशी जाहिरात दिसली की पैसे भरण्यापूर्वीच थांबावे.

तुमच्या परिस्थितीला जवळचा मार्ग कौशल्य विकासाचा आहे. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या (आरोग्य क्षेत्रातील कामांचे कौशल्य-निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या) कामांच्या यादीत 'डेंटल असिस्टंट' आहे, आणि आधीपासून काम करणाऱ्यांसाठी 'पूर्वशिक्षणाची मान्यता' नावाची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत आहे, जिच्यात आधी थोडे मार्गदर्शन होते आणि मग तुमचे काम प्रत्यक्ष पाहून मूल्यमापन होते. कोणत्याही केंद्रात गेलात तर दोनच गोष्टी लेखी मागा : हा अभ्यासक्रम राष्ट्रीय अर्हता नोंदवहीत (मान्य अभ्यासक्रमांच्या सरकारी यादीत) कोणत्या क्रमांकाने आहे, आणि मूल्यमापन कोण करणार. शिकवणाराच परीक्षा घेणार असेल तर उठून या.

अमेरिकेच्या प्रमाणपत्राच्या मागे लागू नका; ते तिथे नोकरी करणाऱ्यांच्या उपयोगाचे आहे. पण तुम्ही जे ३,५०० तास वाचलेत त्यातली गोष्ट खरी आहे, हे काम नुसत्या पुस्तकावर कुठेच सोडलेले नाही. इंग्लंडमध्ये डेंटल नर्सचा सिद्धान्ताचा भाग दूरशिक्षणाने करता येतो, पण विद्यार्थिनी त्या काळात एखाद्या दवाखान्यात काम करत असावी लागते, आणि पात्र झाल्यावर जनरल डेंटल कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. तुमच्याकडे दवाखाना आहे. तुमच्या डॉक्टरांना सांगून एक वही सुरू करा : तारीख, दाताचा क्रमांक, काय काम झाले, तुम्ही काय केले, आणि खाली त्यांची सही.

वाचनाची सुरुवात संसर्ग नियंत्रणापासून करा. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची दंत दवाखान्यांसाठीची २००३ची मार्गदर्शिका मोफत मिळते आणि तिची भाषा सोपी आहे. ऑटोक्लेव्ह १२१ अंशाला किती वेळ आणि १३४ अंशाला किती वेळ चालवायचा, हे तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेतून पाठ करा आणि पाऊचवरचा पट्टा रंग बदलतो म्हणजे नेमके काय सिद्ध होते आणि काय होत नाही, ते समजून घ्या. मग २०१६चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम : रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सक्शनची टोके आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात. मुलाखतीत हे हमखास विचारतात. एक्स-रेच्या बाबतीत एकच सांगतो, पेशंटच्या तोंडातली फिल्म स्वतःच्या बोटाने कधीही धरू नका, कोणीही सांगितले तरी. त्यासाठी होल्डर असतो.

सिमेंटचे तुम्ही लिहिले नाहीत, पण ग्लास आयनोमर (दात भरण्याचे एक सिमेंट) प्लॅस्टिकच्या पात्याने का कालवतात हे ठाऊक नसेल तर : त्यातली काचेची भुकटी धातूला घासते आणि सिमेंट काळपट होते. हेपटायटिस बीची लस घेतली आहे का? ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस असतात आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडे तयार झाली की नाही ते पाहायचे असते. ही मात्र वाट न पाहता करण्याची गोष्ट आहे.

मूळ लेखिकेचा प्रतिसाद

डॉक्टर, आपण इतका वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. लसीचा एकच डोस झाला होता, तोही ४ वर्षांपूर्वी. आमच्या डॉक्टरांना विचारले, ते म्हणाले पहिल्यापासून सुरू करण्याची गरज नाही, उरलेले दोन पूर्ण करू. दुसरा डोस शनिवारी घेणार आहे.

वहीबद्दल एक शंका आहे. मागच्या ६ वर्षांच्या नोंदी केसपेपर पाहून आता लिहिल्या आणि डॉक्टरांनी त्यावर सह्या केल्या, तर चालतील का? ते सह्या करायला तयार आहेत.

प्रतिसाद

नाही ताई, तसे करू नका. मागच्या काळासाठी डॉक्टरांच्या लेटरहेडवर अनुभवपत्र घ्या. त्यात रुजू झाल्याची तारीख, कामाचे तास आणि तुम्ही स्वतंत्रपणे करता ती कामे लिहून घ्या. वही आजच्या तारखेपासून सुरू करा. मूल्यमापन करणारा माणूस वहीतली एखादी नोंद उचलून त्या दिवशी काय झाले ते विचारतो, आणि ते तुम्हाला आठवायला हवे.

मूळ लेखिकेचा प्रतिसाद

समजले. अनुभवपत्राचा मसुदा मी आज दुपारी लिहून काढला आहे. संध्याकाळी वहीत पहिली नोंद झाली : ३६, रूट कॅनालची दुसरी बैठक, १ तास १० मिनिटे, सक्शन धरले आणि फाइल दिल्या. खाली डॉक्टरांची सही आहे. कौशल्य केंद्रात या आठवड्यात जाऊन येते आणि ते दोन प्रश्न लेखी विचारून काय उत्तर मिळाले ते इथेच कळवते.