डिव्हिजन थ्री सॉकर: नोव्हेंबर ते ऑगस्ट पोरांनी करायचं काय?

डेटनकर

परवा इथे एकांनी ठासून लिहिलं की अमेरिकेतल्या डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या श्रेणीतल्या छोट्या कॉलेजांनी वसंतातला सॉकर सराव बंदच करावा. त्यांचं म्हणणं: डिव्हिजन थ्रीला खेळाची स्कॉलरशिप नाही, पोरं शिकायला गेली आहेत, आणि सोळा दिवसांच्या सरावाने कुणी खेळाडू होत नाही. वर दाखला नेस्कॅकचा, म्हणजे न्यू इंग्लंडकडच्या नावाजलेल्या कॉलेजांच्या गटाचा. तिथे वर्षानुवर्षं वसंतात कोचबरोबर सराव नव्हता, तरी त्यातल्या टफ्ट्सने २०१४, २०१६, २०१८ आणि २०१९ ला राष्ट्रीय विजेतेपद नेलं.

हे वाचून गप्प बसवेना. हिशोबच मांडतो. बहुतेक संघांचा शेवटचा सामना नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतो, पुन्हा हजर व्हायचं ऑगस्टच्या मध्यावर. मध्ये चाळीस आठवडे. त्यात कोचबरोबर मैदानावर उतरायचा पूर्वापार हिशोब म्हणजे पाच आठवड्यांत सोळा दिवस आणि सामन्यासाठी एकच तारीख. (त्या एका तारखेत दोन-तीन छोट्या लढती बसवतात, तो भाग वेगळा.) उरलेले पस्तीस आठवडे कोचने सराव घ्यायचा नाही, कडेला उभं राहून बघायचंही नाही, असा तो हिशोब.

आता मोसम बघा. दोन-सव्वादोन महिन्यांत अठरा-वीस सामने. बुधवारी सामना, गुरुवारी रिकव्हरी, शुक्रवारी कॉर्नर-फ्रीकिकची उजळणी, शनिवारी परत सामना. यात सेंटर-बॅकला डाव्या पायाने लांब पास मारायला कधी शिकवणार? विंगरला फुलबॅक करून बघायचं असेल तर कधी? एप्रिलमध्येच. तेव्हा हरण्याची भीती नसते, चुका करायला मोकळीक असते. टफ्ट्सचं नाव घेताना हेही सांगा, की त्या कॉलेजांच्या नावावर देशभरातून तयार खेळाडू चालत येतात. ओहायोतल्या बाराशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजला तयार खेळाडू मिळत नाहीत, घडवावे लागतात.

विद्या०७

त्या लेखाशी मी बहुतांशी सहमत आहे. सोळा दिवसांवर थांबत असते तर तक्रार नव्हती. जानेवारीपासून सकाळी सहाला वेटरूम, आठवड्यातून दोनदा कॅप्टनचा सराव (कोचशिवाय, कॅप्टनने घेतलेला), ते कुठल्या हिशोबात धरलंत? नियम स्वच्छ आहे: ऐच्छिक सराव खेळाडूने स्वतःहून करायचा, हजेरी कोचला कळवायची नाही, न आल्याची शिक्षा नाही. प्रत्यक्षात यादी कॅप्टनच्या फोनवर असते आणि ऑगस्टमध्ये कोण बाकावर बसतो ते सगळ्यांना दिसतं.

ऑर्गॅनिक केमिस्ट्रीची लॅब दुपारी एक ते पाच. सॉकरवाल्यांना परदेशी सत्र घ्यायचं तर वसंतातच घेता येतं, कारण शरद ऋतू मोसमात जातो. एप्रिलमध्ये संघ नव्याने मांडला जातो म्हणून पोरं तेही सोडून देतात. आणि चाळीस जणांचा रोस्टर, म्हणजे संघाची यादी, कशासाठी? मैदानात अकराच उतरतात. बाकीचे फी भरायला घेतलेत हे सरळ कबूल करा. कॉलेजची पटसंख्या सॉकरच्या जिवावर टिकवायची आणि वर त्या पोरांना पहाटे उठवायचं, हा कुठला न्याय?

मधली_फळी

दोघंही वसंतावर भांडताय. हिवाळ्याचं नियोजन नीट असेल तर यातली निम्मी भांडणं उरत नाहीत.

शेवटच्या सामन्यानंतर दोन-तीन आठवडे बॉलला हात, आपलं, पाय लावू नये. पोहणं, सायकल, चालणं चालेल. मोसमभर ओढत आणलेला घोटा, मांडीचा सांधा फिजिओला दाखवायचा तो याच काळात, जानेवारीत नव्हे. मग सेमिस्टरच्या परीक्षेपर्यंत आठवड्याला दोनदा वजनं, पाऊण तास, बस्स.

जानेवारी-फेब्रुवारीत मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडे मैदान बर्फाखाली. फील्डहाऊस (छताखालचं मैदान) नसेल तर बास्केटबॉलचा कोर्ट मिळतो, तोही रात्री नऊनंतर. कोर्ट ९४ बाय ५० फूट, म्हणजे साधारण २८.७ बाय १५.२ मीटर. फुटसालच्या (इनडोअर पाच-पाचच्या फुटबॉलच्या) किमान रुंदीलाही तो थोडा कमी पडतो, म्हणून पाच-पाच खेळू नका, गर्दी होऊन घोटे मुरगळतात. गोलकीपरशिवाय चार-चार, छोटे गोल, चार नंबरचा कमी उसळणारा फुटसाल बॉल, तीन मिनिटं खेळ, दीड मिनिट विश्रांती, असे सहा डाव. लाकडी फरशीवर रोज खेळलं की तिसऱ्या आठवड्यात नडग्या दुखायला लागतात. आठवड्याला दोनदाच, आणि मध्ये किमान एक दिवस मोकळा.

गोलरक्षक_१

"गोलकीपरशिवाय" हे वाचून संताप आला. दर हिवाळ्यात हेच. कोर्टावर डाइव्ह मारता येत नाही म्हणून कीपरला भिंतीशी उभं करतात. कुस्तीच्या खोलीतले मॅट मागून घ्या, दोन शेजारी पसरा, गुडघ्यावरून बाजूला पडण्यापासून सुरुवात करा. तीस-चाळीस चेंडू पुरतात. सोळा दिवसांतले निदान चार दिवस कीपर कोच बोलवा. बऱ्याच छोट्या कॉलेजात तो अर्धवेळच असतो आणि वसंतात त्याला कुणी फोनही करत नाही.

पुणेरी_विंगर

दमाची खरी गळती मे ते ऑगस्ट. तीन महिने. आणि त्या तीन महिन्यांचं वाटोळं करते ती ऑगस्टमधली फिटनेस टेस्ट, ते "वन-ट्वेंटीज": १२० यार्ड १८ सेकंदांत, ३० सेकंदांत जॉग करत परत, ३० सेकंद थांबा, असे दहा. पोरं उन्हाळाभर एवढंच पळतात, कारण पहिल्या दिवशी तेच विचारणार असतात.

डेटनकर

टेस्ट काढून टाका म्हणणं सोपं आहे. उन्हाळ्यात कोच कार्यक्रम लिहून देऊ शकतो, पण "किती पळालास ते कळव" अशी सक्ती करता येत नाही. मग वीस वर्षांच्या पोराने जुलैत बूट घालावेत कशासाठी? टेस्टची धास्ती असते म्हणून तो पळतो. टेस्ट नसेल तर निम्मा संघ पोट सुटलेला येईल आणि प्रीसीझनचे, म्हणजे मोसमाआधीच्या सरावाचे, दोन-अडीच आठवडे त्यांना श्वास मिळवून देण्यात जातील. हे ज्याने बघितलंय त्यालाच कळेल.

पुणेरी_विंगर

बघितलंय म्हणूनच लिहितोय, अनुभवाची दटावणी नको. आकडे घ्या. १२० यार्ड म्हणजे ११० मीटर. १८ सेकंदांत, म्हणजे ताशी २२ किलोमीटर. बरा विंगर सामन्यात तिशी पार करतो. उन्हाळाभर २२ च्या वर न गेलेला पाय सप्टेंबरच्या पहिल्या सामन्यात थ्रू-बॉलमागे एकदम तिशीला नेला की हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरते. सरळ रेषेत, एका गतीने, न वळता, न थांबता पळण्याची ही परीक्षा आहे. थांबून उलट फिरायचं, दोन पावलांत वेग घ्यायचा, तो खेळ यात कुठेच नाही.

पळवायचंच असेल तर आठवड्यातून दोनदा पूर्ण वेगाने पळवा: २० मीटर वेग वाढवत, पुढचे २० मीटर जीव तोडून, चार ते सहा वेळा, दरवेळी दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. ती विश्रांतीच कुणी घेत नाही आणि वेगाच्या सरावाचा दमाचा सराव होतो. दम मोजायला यो-यो टेस्ट घ्या. २० मीटर जाऊन-येऊन, दहा सेकंद विसावा, वळणं आपोआप येतात.

विद्या०७

म्हणजे ऑफ-सीझनमध्ये वेटरूम, कॅप्टनचा सराव, फुटसाल, वसंत सराव, आणि आता उन्हाळ्यात स्प्रिंट. इंटर्नशिप कधी करायची? तुमच्यापैकी एकाने तरी हा प्रश्न विचारला का?

मधली_फळी

विद्याताई, वरचे स्प्रिंट वॉर्मअप धरून पस्तीस-चाळीस मिनिटांत होतात. इंटर्नशिप करूनही जमतं. उलट वन-ट्वेंटीजच्या धास्तीने रोज तासभर पळणाऱ्याचाच वेळ जातो.

हॅमस्ट्रिंगचं निघालंच आहे तर त्यासाठीचा नॉर्डिक हा व्यायाम. गुडघ्यांखाली जाड पॅड, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे, कंबर न मोडता अंग जमेल तितकं सावकाश पुढे सोडायचं, शेवटी हातांवर झेलायचं, हातानेच ढकलून वर यायचं. पहिला आठवडा एकदाच, दोन सेट पाच-पाच. दुसरा आठवडा दोनदा, दोन सेट सहा-सहा. तिसऱ्यात तीनदा, तीन सेट सहा ते आठ. चौथ्यात तीन सेट आठ ते दहा. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत तीनदा, बारा-दहा-आठ. म्हणजे सुरुवात जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली पाहिजे. कोच लोक ऑगस्टमध्ये पहिल्या दिवशी तीन सेट दहा-दहा करायला लावतात, चार दिवस मांड्या भरून येतात, आणि मग "नॉर्डिक वाईट" म्हणून बंद.

सोलापूर_आयोवा

भारतातून जाणाऱ्यांचा विचार कुणीच केलेला नाही. पहिल्या वर्षाच्या एफ-वन (विद्यार्थी व्हिसावरच्या) विद्यार्थ्याला आय-ट्वेंटीवरच्या (व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावरच्या) सुरुवातीच्या तारखेच्या तीस दिवस आधीच देशात पाऊल ठेवता येतं. कॉलेजने त्यावर प्रीसीझनऐवजी वर्ग सुरू होण्याची तारीख टाकली आणि व्हिसाही उशिरा मिळाला, तर पोरगं टेस्टच्या आदल्या रात्री उतरतं. साडेदहा तासांचा घड्याळाचा फरक, विमानात सुजलेले पाय, आणि सकाळी आठला वन-ट्वेंटीज. मेमध्ये प्रवेश पक्का झाला की इंटरनॅशनल ऑफिसला आणि कोचला एकाच ईमेलमध्ये प्रीसीझनची तारीख विचारा.

अमेरिकन पोरं उन्हाळ्यात कॅम्पवर कोचिंग करून चार पैसे मिळवतात, बॉलही पायाशी राहतो. एफ-वनवाल्याला कॉलेजबाहेर पैसे घेऊन तेच करायचं तर सीपीटीसारखी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कामाची) परवानगी लागते. सुट्टीत कॅम्पसवरचं काम पूर्णवेळ चालतं, ते आधी शोधा.

ईस्टकोस्टी

सरळ दोन सत्रांत मोसम विभागा ना. मेरीलँड विद्यापीठाचे कोच साशो चिरोव्स्की यांनी डिव्हिजन वनसाठी तेच लावून धरलंय.

डेटनकर

ते डिव्हिजन वनचं. त्यावरचं २०२० चं मतदानही कोविडमुळे पुढे गेलं. आमच्याकडे वसंतात तेच टर्फ लॅक्रॉसला लागतं, तेच दोन ट्रेनर बेसबॉललाही लागतात, आणि एप्रिलमध्ये कधीकधी बर्फ पडतो. छोट्या कॉलेजला परवडणारं नाही.

टेस्टबद्दल: पहिल्याच दिवशी घेणं चूक आहे, हे मान्य करावं लागतंय. ऑगस्टच्या उकाड्याला शरीर सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि आयोवावाल्यांचा मुद्दा खोडता येत नाही. आठव्या-दहाव्या दिवशी यो-यो घ्या. पण टेस्ट राहिली पाहिजे, आणि सोळा दिवसही राहिले पाहिजेत. चाळीसच्या रोस्टरवर विद्याताईंना माझ्याकडे उत्तर नाही.

विद्या०७

उत्तर नाही हे निदान लिहिलंत. कॅप्टनच्या यादीबद्दल मात्र अजून कुणी अवाक्षर काढलेलं नाही.

सोलापूर_आयोवा

@पुणेरी_विंगर, जूनमध्ये पुण्यात पूर्ण वेगाने पळायचं कुठे? मैदानांत चिखल, भाड्याचे टर्फ जेमतेम तीस-चाळीस मीटर.

पुणेरी_विंगर

टर्फ पूर्ण वेगाला पुरत नाही. थांबायला जागा नसते, जाळीवर आपटतात किंवा करकचून ब्रेक मारून गुडघा दुखावतात. चाळीस मीटर पळायला आणि पंचवीस-तीस थांबायला, अशी सत्तरेक मीटर मोकळी जागा हवी. ॲथलेटिक्सचा सिंथेटिक ट्रॅक सगळ्यात बरा, सकाळी सहा-साडेसहाला, साध्या रनिंग शूजवर. ट्रॅक मिळाला नाही तर सौम्य चढाचा कोरडा रस्ता, २५-३० मीटर, चालत उतरायचं. चढावर पूर्ण वेग येत नाही, पण हॅमस्ट्रिंगला सवय होते. टर्फ संध्याकाळी तीन-तीन खेळायला ठेवा, आणि रबराचे दाणे उडून गेलेला गुळगुळीत टर्फ असेल तर पावसात तिथे पाऊलच टाकू नका.