शेवटच्या उडीवरून एवढं रान उठवायची गरज होती का?

निळीशाई:
परवा 'मुलांना काय दाखवू नये' या धाग्यावर एका सद्गृहस्थांनी १९७७ च्या 'लायनहार्ट बंधू' या स्वीडिश सिनेमाला "आत्महत्या शिकवणारा" म्हटलं. प्रतिसादात मावेना म्हणून हा वेगळा धागा.

अहो, सुरुवात विसरलात का? घराला आग लागते, थोरला योनातान आजारी धाकट्या भावाला, स्कोर्पानला, पाठीवर घेऊन खिडकीतून उडी टाकतो. धाकटा वाचतो, हा मरतो. मरणानंतर दोघं भेटतात त्या नांगियाला देशात शेवटी काटला या ड्रॅगनच्या ज्वाळेने योनातान लुळा पडतो, तेव्हा स्कोर्पान त्याला पाठीवर घेऊन कड्यावरून उडी टाकतो. कड्यावर जायलाही घाबरणारं पोर ते! पहिल्या उडीचं ऋण फेडतंय. मूळ पुस्तकाच्या लेखिका लिंडग्रेनबाईंना ही गोष्ट सुचली त्यामागे स्वीडनमधल्या विम्मरबी गावच्या दफनभूमीतला एक दगड होता, १८६० साली गेलेल्या दोन चिमुकल्या भावांचा. म्हणे आत्महत्या!

रोखठोक:
तो सद्गृहस्थ मीच. ऋण वगैरे तुम्हाला कळतं. माझा सात वर्षांचा मुलगा सिनेमा संपल्यावर बाल्कनीच्या कठड्याकडे बघत म्हणाला, "बाबा, इथून मारली तर कुठे जातो?" मी रात्रभर डोळा मिटला नाही. आता सांगा विम्मरबी.

कोकमकढी:
उडीचं तुम्ही बघा. माझं भांडण काटलाशी. राज्यभर जिची दहशत, ती पडद्यावर आली तर सरळ बाहुलं! आमच्या पोरी खो खो हसल्या.

जुनाजाणता:
कोकमकढी, तुमच्या पोरींना संगणकातले ड्रॅगन बघायची सवय. आम्ही गणपतीतले हलते देखावे बघून घाबरलेली माणसं. बाहुलं दिसलं म्हणून काय झालं, घाबरायचं ठरवलं की घाबरता येतं.

कोकमकढी:
ठरवून घाबरायला तिकीट कशाला काढू? दिग्दर्शक हेल्बोमने १९७३ चं पुस्तक चारच वर्षांत पडद्यावर आणलं. जरा थांबला असता.

जुनाजाणता:
थांबून काय, तुमच्या मोबाईलची वाट बघायची होती? याच चकचकीतपणाने मुलांची कल्पनाशक्ती मारलीय.

कोकमकढी:
आलं! 'आमच्या वेळी' आलं! मी तासभर वाटच बघत होते.

माल्मोकाकू:
काटला पुरे आता. मी बारा वर्षं दक्षिण स्वीडनच्या स्कोने प्रांतात राहते. सिनेमात नांगियालातलं चेरीचं खोरं म्हणून दाखवलेल्या ब्रोसार्पच्या टेकड्या आमच्यापासून फार लांब नाहीत. मुलाच्या वर्गात बाईंनी हे पुस्तक रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. एका मुलीचा भाऊ त्याच वर्षी गेला होता. बाईंनी तिच्या आईला आधी विचारलं, तर आई म्हणाली, वाचा. ती मुलगी पुढे महिनाभर चित्रात गोष्टीतल्या भावांचे दोन घोडे काढायची.

रोखठोक:
तुमच्या स्वीडनमध्ये सगळं छानच असतं काकू. इथे एका वर्गात साठ पोरं, बाईंना हजेरी घ्यायला वेळ पुरत नाही.

माल्मोकाकू:
मी शाळेची जाहिरात करत नव्हते. मुलीबद्दल बोलत होते.

निळीशाई:
आणि श्यामची आई शेवटी जातेच की. ते कसं चालतं?

रोखठोक:
ती कड्यावरून उडी मारून जात नाही!!

जुनाजाणता:
हे मात्र खरं.

निळीशाई:
जुनाजाणता, तुम्ही नक्की कुणाकडून?

रोखठोक:
काकू, टोमणा मागे घेतो. त्या दोन घोड्यांचं डोक्यातून जात नाहीये. पोरगा दहाचा झाला की दाखवीन, तोही शेजारी बसून, रिमोट माझ्या हातात. निळीशाईताईंनी याला विजय समजू नये.

निळीशाई:
समजले. स्क्रीनशॉटही काढला.

कोकमकढी:
काटला आली की तेवढं पुढे ढकला.